देहाचे पोर्ट्रेट: जवळीक टिपताना

पोर्ट्रेटमधील जवळीक किती कपडे उतरले यावर ठरत नाही. समोरच्या व्यक्तीला कोणत्याही क्षणी ‘पुरे’ म्हणता येईल आणि ते तत्काळ ऐकले जाईल, याची खात्री तिला आहे की नाही, यावर ती ठरते. डच छायाचित्रकार रिनेका डाइकस्ट्रा यांनी १९९४ मध्ये बाळंत होऊन अनुक्रमे एक तास, एक दिवस आणि एक आठवडा झालेल्या तीन स्त्रियांची, तान्ह्या बाळांना उराशी धरून उभ्या असतानाची छायाचित्रे काढली. त्यांत थकवा आहे, एकीच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे, आणि तरीही त्या नजर न चुकवता थेट आपल्याकडे पाहतात. छायाचित्राला खरी जवळीक त्या नजरेने दिली आहे.

म्हणून कॅमेरा हाती घेण्याआधी सविस्तर बोलावे. अशा छायाचित्रासाठी व्यक्ती सज्ञान असलीच पाहिजे. देहाचा कोणता भाग दिसेल, कोणता नाही, खोलीत आणखी कोण असेल आणि चित्रे कोण पाहील, हे लिहून ठरवावे. चित्र काढण्याची संमती आणि ते प्रसिद्ध करण्याची संमती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत; दुसरी संमती चित्रे पाहिल्यानंतरच मागावी. दुसऱ्याला उभे करण्यापूर्वी टायमर लावून स्वतःच्या देहाची काही छायाचित्रे काढून पाहणेही मला आवश्यक वाटते. छायाचित्रकार जॉन कोप्लान्स यांनी वयाच्या साठीनंतर, १९८४ पासून, स्वतःच्याच उघड्या देहाची चेहरा वगळून छायाचित्रे काढली. पाठ, मुठी, पावले, सुरकुत्या यांतूनही माणूस ओळखीचा वाटू शकतो, हे त्यांवरून शिकता येते.

खोली उबदार असावी, कारण थंडीने आखडलेले खांदे चित्रात लपत नाहीत. घट्ट मोजे व इलॅस्टिक यांचे वळ जाण्यासाठी आधी अर्धा तास तरी सैल कपडे घालण्यास सांगावे.

अंतराचा विचार मात्र सावकाश करावा. चेहऱ्याची किंवा देहाची प्रमाणे बिघडतात ती लेन्समुळे नव्हे, तर कॅमेरा फार जवळ गेल्यामुळे. ३५ मिमी लेन्सने चेहरा चौकटभर घ्यायचा तर इतके जवळ जावे लागते की नाक मोठे आणि कान मागे सरकलेले दिसतात. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स लावून दीड मीटरवर उभे राहिल्यास प्रमाणे नैसर्गिक राहतात, शिवाय समोरच्या व्यक्तीला श्वास घ्यायला जागा मिळते. एखाद्या हाताची किंवा मानेची अगदी जवळून चौकट हवी असेल, तर विचारल्याशिवाय पुढे सरकू नये. पोझ सांगताना स्पर्श करू नये. ती स्वतः करून दाखवावी.

प्रकाशासाठी एका बाजूची मोठी खिडकी पुरेशी असते. तिरपा प्रकाश त्वचेचा पोत, लव आणि व्रण उठावदार करतो. खिडकीवर पातळ पांढरा पडदा टाकला की सावल्यांच्या कडा मऊ होतात. कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारे मीटर समोरचे सारे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते. त्यामुळे चौकट सावळ्या त्वचेने भरली की चित्र अवाजवी उजळ येते, गोरी त्वचा असेल तर काळवंडते. एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश, हाताने दुरुस्त करावे, आणि माणसाचा वर्ण आहे तसाच येऊ द्यावा. त्यात ‘सुधारणा’ करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हातांकडे लक्ष द्यावे. ते रिकामे लटकले की सारा देह अवघडलेला वाटतो; त्यांना स्वतःच्याच दंडावर किंवा गुडघ्यावर टेकू द्यावे आणि श्वास सोडण्याच्या क्षणी शटर दाबावे. काढलेली चित्रे अधूनमधून दाखवावीत.

रिटचिंगमध्ये चार दिवसांत जाणारी पुटकुळी काढायला हरकत नाही. व्रण, प्रसूतीच्या रेषा, चामखीळ हे त्या व्यक्तीने सांगितल्याशिवाय पुसू नये. नाकारलेल्या चित्रांच्या सगळ्या प्रती, बॅकअपसह, नष्ट कराव्यात, आणि मान्य केलेली चित्रे ऑनलाइन टाकण्यापूर्वी फाइलमधील स्थळाची माहिती काढून टाकावी.