जुना ग्लोव्ह नीट करायचाय? आधी ज्याचा आहे त्याला विचारा

आपल्याकडे सॉफ्टबॉल-बेसबॉल शाळेच्या स्पर्धांमध्ये आहे, पण चांगला लेदरचा ग्लोव्ह महाग पडते, म्हणून बरेच पोट्टे स्टोअररूममधले सीनियरनं सोडलेले ग्लोव्ह घालूनच खेळून राहिले. कडक झालेले, लेस (ग्लोव्ह बांधून ठेवणारी चामड्याची दोरी) तुटलेले, पावसाळ्यात बुरशी धरलेले. यातले बहुतेक घरी नीट होतात, फेकू नका. पण तेल-साबण काढायच्या आधी ज्याच्या हातात तो जाणार आहे त्याला शेजारी बसवा.

आणि नुसतं "कसा पाहिजे?" विचारू नका, त्यावर "कसाही चालते सर" एवढंच उत्तर येते. ग्लोव्ह घालायला लावा, थोडे बॉल टाका, मग विचारा की बॉल हाताला कुठे लागून राहिला, कोणतं बोट दुखते, बंद करताना जोर कुठून लावतो. सगळ्यात आधी मात्र कोणत्या हातानं फेकतो ते बघा. ग्लोव्ह न फेकणाऱ्या हातात असतो, म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताचा लागते, आणि शाळेत तो मिळत नाही म्हणून लेकरू काही न बोलता उलट्या हातानं खेळत राहते. तिथे रिपेअरिंग कामाचं नाही, दुसरा ग्लोव्ह शोधा.

पोझिशनप्रमाणे आवड बदलते. शॉर्टस्टॉप किंवा सेकंड बेसवाल्याला, म्हणजे मैदानाच्या आतल्या भागात उभं राहणाऱ्याला, उथळ पॉकेट (तळव्यातला खळगा, जिथे बॉल बसतो) पाहिजे कारण बॉल पटकन काढून फेकायचा असतो, आउटफिल्डवाल्याला (मागे लांब उभा राहतो तो) खोल पाहिजे, पिचरला (बॅटरकडे बॉल टाकतो तो) बंद वेब (अंगठा आणि त्याच्या जवळच्या बोटामधली जाळी) आवडते कारण बॅटरला बॉलवरची ग्रिप दिसत नाही. कोणी करंगळीच्या कप्प्यात दोन बोटं घालते, कोणी अंगठ्याजवळचं पहिलं बोट मागच्या फटीतून बाहेर ठेवते म्हणजे तळव्याला झटका कमी बसते. "असं नाही घालत" म्हणून हे मोडू नका, हात त्याचा आहे. लहान हाताच्या पोरींचं तर बहुतेक वेळा एकच म्हणणं असते की मनगटाकडून ढिला आहे. पट्टा आवळला की त्याच ग्लोव्हमध्ये कॅच बसू लागतात.

आता सफाई. कोरड्या ब्रशनं माती झाडा, बोटांच्या मधली आणि लेसच्या भोकांतली पण, मग ओल्या पिळलेल्या कपड्यावर थोडा सॅडल सोप (चामडं साफ करायचा साबण) घेऊन पुसा. पाण्यात बुडवू नका. बुरशी असेल तर घराबाहेर झाडा आणि पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून पुसा. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. आपल्या मे महिन्याच्या ४५ डिग्रीत गच्चीवर ठेवला तर लेदर तडकते, आणि कूलरसमोर ठेवला तर त्या दमट हवेत बुरशी परत येते, हे दोन्ही टाळा.

तेल अगदी थोडं. ग्लोव्ह कंडिशनर किंवा नीट्सफूट ऑइल (दोन्ही चामडं नरम ठेवायला असतात) कपड्यावर घेऊन पातळ हात फिरवा, रात्रभर राहू द्या, जास्तीचं पुसून काढा. जास्त तेल गेलं की ग्लोव्ह जड होते आणि लुळा पडते, ते मग निघत नाही. खोबरेल, शेंगदाण्याचं तेल लावू नका, खोबरेल थंडीत गोठते आणि खायची तेलं काही दिवसांनी खवट वास मारतात. नीट्सफूट ऑइल जनावरांच्या हाडांपासून बनते, काही घरांत ते चालत नाही, तेही आधी विचारा. सिंथेटिक ग्लोव्हला तर तेल लागतच नाही.

लेसचं काम सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात महत्त्वाचं. उसवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. सगळी लेस एकदम काढू नका, आधी वेबची बदला, मग बोटांची, मग खाली टाचेकडची म्हणजे मनगटाजवळची, म्हणजे आकार हलत नाही. मोठ्या ग्लोव्हला पाव इंच रुंदीची लेस लागते, लहान मुलांच्या ग्लोव्हला ३/१६ इंच. ऑनलाइन मिळते. तबल्याची वादी वापरू नका, ती कच्च्या चामड्याची असते, वाळली की कडक होते आणि भोकं कापते. लेसचं टोक तिरपं कापून निमुळतं करा, पातळ तार दुमडून तिची सुई करा, काम होते. प्रत्येक भागानंतर ग्लोव्ह पोराच्या हातात द्या आणि विचारा, अजून आवळू का ढिलं करू? इथे त्याचंच ऐकायचं, तुम्हाला ढिलं वाटत असलं तरी.

तळवा फाटला असेल तर मोचीकाकांकडे न्या आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायला सांगा, नुसत्या सोल्युशननं चिकटवलेलं दोन-चार प्रॅक्टिसमध्ये सुटते.

शेवटी पॉकेट. बॉल जिथे पकडायला त्याला आवडते तिथेच ठेवा आणि सुती पट्टीनं बांधून रात्रभर राहू द्या. सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह असेल तर सॉफ्टबॉलच ठेवा, त्याचा घेर १२ इंच असतो आणि बेसबॉलचा साधारण ९, छोट्या बॉलनं पॉकेट चुकीचं बसते. ओव्हन, मायक्रोवेव्ह, गाडीखाली ठेवणं, असलं काही करू नका. रोज थोडे कॅच घेतले की लेदर आपोआप नरम पडते.

ग्लोव्ह दिल्यावर आठवडाभर खेळू द्या आणि मग परत मागवा. नवी लेस ताणते, ती एकदा आवळावीच लागते, आणि खेळून झाल्यावर पोरगं जे सांगते ते पहिल्या दिवशीच्या उत्तरापेक्षा वेगळं असू शकते. तेव्हा वेब उसवून परत बांधायला सांगितलं तर बांधून द्या.