ठाणे-नवी मुंबईत राहून 'डेथ ऑफ अ सेल्समन' बघायला जायचं असेल तर

'डेथ ऑफ अ सेल्समन' परत कोणीतरी करतंय असं कळलं की आपल्याकडे दोन रिअ‍ॅक्शन हमखास येतात, एक म्हणजे "इंग्लिश आहे, डोक्यावरून जाईल" आणि दुसरी "अमेरिकेतलं आहे, आपल्याला काय त्याचं". दोन्ही बाजूला ठेवा आणि जा. मराठीत-हिंदीत रूपांतर लागलं तर बघाच पण इंग्लिश प्रयोग असला तरी जा. घराचा हप्ता भरणाऱ्या, दोन पोरं असणाऱ्या, रोज लोकलने साहेबाच्या तोंडाकडे बघायला जाणाऱ्या माणसाला हे नाटक जितकं लागतं तितकं दुसऱ्या कोणाला लागत असेल असं मला वाटत नाही. त्यासाठी अमेरिकेचा इतिहास वाचून जायची काही गरज नाहीये, फक्त दोन गोष्टी धरून बसायचं, एक, स्टेजवर काळ पुढेमागे कसा होतो ते, आणि दोन, पैशाचे आकडे. बाकीचं आपोआप कळत जातं.

थोडक्यात माहिती एवढीच की आर्थर मिलरचं हे नाटक १० फेब्रुवारी १९४९ ला न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर उघडलं, एलिया कझान दिग्दर्शक, ७४२ प्रयोग झाले, पुलित्झर पारितोषिक मिळालं. तेव्हापासून दर पिढीतला एखादा तगडा नट यातला नायक विली लोमन करतोच, १९८४ ला डस्टिन हॉफमन, १९९९ ला ब्रायन डेनेही, २०१२ ला फिलिप सीमोर हॉफमन. १९८३ मध्ये तर मिलरने स्वतः बीजिंगला जाऊन चिनी नटांकडून चिनी भाषेत बसवलं होतं, सेल्समन हा धंदाच तिथे लोकांना धड माहीत नव्हता तरी बापलेकांचं भांडण पोचलं. म्हणजे ठाण्यात न पोचायला काही कारणच नाही.

गोष्ट साधी आहे. विली ६३ वर्षांचा, गाडी घेऊन गावोगाव माल खपवणारा, आता थकलाय, गाडी चालवताना भान सुटतंय. बायको लिंडा. मोठा मुलगा बिफ ३४ चा, शाळेत फुटबॉलचा हिरो होता, आता कुठेच टिकत नाही, धाकटा हॅपी. घराच्या चारी बाजूंनी उंच बिल्डिंगा उठल्यात त्यामुळे मागच्या अंगणात गाजरसुद्धा उगवत नाही असं विली कुरकुरत असतो. पाचपाखाडीत नाहीतर नौपाड्यात ज्यांचा जुना बंगला दोन टॉवरच्या मधे अडकलाय त्यांना हे वेगळं समजवायला नको. शेवट काय होणार ते नावातच सांगितलंय त्यामुळे स्पॉयलरची भीती ठेवू नका.

आता तिकिटाचं. रूपांतर किंवा प्रायोगिक ग्रुपचा प्रयोग असेल तर गडकरी रंगायतन, घाणेकर (तिथलं मिनी थिएटर पण बघा, छोटे प्रयोग तिकडे असतात) आणि वाशीचं विष्णुदास भावे यांच्यावर लक्ष ठेवा, शनिवार-रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती आणि बुक माय शो दोन्ही चेक करत जा. इंग्लिश प्रयोग असेल तर बहुतेक वेळा नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाहीतर जुहूचं पृथ्वी थिएटर, म्हणजे आपल्याला मुंबईत जावं लागतं. एनसीपीएला लंडनच्या नॅशनल थिएटरची रेकॉर्ड केलेली नाटकं मोठ्या पडद्यावर पण दाखवतात, मिलर किंवा त्याच्याच काळातला दुसरा अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स असलं काही लागलं तर तेही सोडू नका.

रविवारचा प्रयोग असेल तर मेगाब्लॉक बघितल्याशिवाय निघायचं नाही, मेन लाइन, हार्बर, ट्रान्स-हार्बर कुठलाही असू शकतो, आणि दुपारी ४ च्या प्रयोगाला नेमका तोच घोळ होतो. गडकरीला गाडी आणूच नका, स्टेशनपासून तलावपाळीपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि पार्किंग शोधण्यात त्याहून जास्त जातात. घाणेकरला मात्र घोडबंदर साइडचं ट्रॅफिक धरून निघा. आणि रात्री साडेआठचा प्रयोग असेल तर एक हिशोब आधीच करा, संहिता पूर्ण केली तर इंटरव्हल धरून साधारण तीन तास जातात म्हणजे सुटायला साडेअकरा, नवी मुंबईवाल्यांनी ठाण्याहून परतीची ट्रान्स-हार्बर किती वाजता आहे ते एम-इंडिकेटरवर बघून ठेवा. शेवटच्या गाडीसाठी अर्धवट उठून जाण्यासारखं हे नाटक नाही, त्यापेक्षा दुपारचा प्रयोग घ्या.

सीट कुठली घ्यायची यावर माझं मत ठाम आहे, पहिल्या तीन रांगा नको, मधल्या रांगा किंवा बाल्कनीची पहिली रांग. कारण असं की मिलरने संहितेतच लिहून ठेवलंय की घराच्या भिंती खऱ्या नाहीत, चालू काळातला सीन असेल तेव्हा नट त्या नसलेल्या भिंती पाळतात, दारातूनच आत-बाहेर करतात, आणि विलीच्या डोक्यातला जुना काळ सुरू झाला की सरळ भिंतीतून चालत पुढे येतात. हे नटांचे पाय दिसले तरच कळतं आणि वरून सगळ्यात छान दिसतं. आता प्रत्येक दिग्दर्शक हे असंच करेल असं नाही, कोणी फक्त लाइटवर करतो, कोणी बासरीच्या सुरावर (बासरी पण संहितेतलीच आहे), पण पहिल्या पंधरा मिनिटांत त्याने कुठली खूण वापरलीये तेवढी पकडायची. एक सीन येतो, विली शेजारच्या चार्लीबरोबर रात्री पत्ते खेळत बसलाय आणि तेवढ्यात त्याचा भाऊ बेन येतो, जो खरं म्हणजे मेलेला आहे. विली दोघांशी एकाच वेळी बोलायला लागतो, चार्लीला बेन दिसत नाही त्यामुळे तो गोंधळतो. तुम्हाला काळाची ती खूण कळली असेल तर इथे अंगावर काटा येतो, नसेल कळली तर तुमचीही अवस्था चार्लीसारखीच होते.

दुसरं म्हणजे आकडे. यातलं प्रत्येक भांडण पैशापाशी येऊन थांबतं आणि मिलर मोघम बोलत नाही, डॉलर आणि सेंट सांगतो. दौऱ्यावरून आलेला विली आधी सांगतो प्रॉव्हिडन्सला ५०० चा आणि बॉस्टनला ७०० चा माल खपवला. लिंडा कौतुकाने पेन्सिल घेऊन कमिशन काढायला बसते तसा तो आकडा घसरत घसरत सगळा मिळून २०० वर येतो, कमिशन ७० डॉलर आणि वर काही सेंट. ती म्हणते, छान झालं की. आणि मग काही न बोलता यादी वाचते, फ्रिजचे १६, वॉशिंग मशीनचे ९.६०, व्हॅक्युम क्लीनरचे साडेतीन, छपराचे २१, असं बाकीचं सगळं धरून १५ तारखेपर्यंत साधारण १२० द्यायचेत. या सीनला विलीकडे बघू नका, लिंडाकडे बघा. तिला पहिल्यापासून माहीत आहे की नवरा फुगवून सांगतोय आणि ती त्याला एकदाही खोटं पाडत नाही. चांगली नटी इथे पेन्सिल चालवते कशी, थांबते कुठे, यावर तिची अख्खी भूमिका उभी राहते. दुसऱ्या अंकात विली पोराच्या वयाच्या साहेबाकडे जातो, आठवड्याला ६५ मागतो, मग ५०, मग ४०. तो आकडा खाली येताना तुमच्या आजूबाजूच्या लोकांचा श्वास ऐका.

तयारी म्हणून पहिला अंक वाचून जाता आलं तर उत्तम, इंग्लिश प्रयोगाला तर नक्कीच, पुस्तक सहज मिळतं. पण डस्टिन हॉफमनची १९८५ ची फिल्म आधी बघू नका, मग तुम्ही समोरच्या नटाला त्याच्याच मापाने मोजत बसता आणि ते त्याच्यावर अन्यायाचं होतं. 'वाडा चिरेबंदी' बघितलं असेल तर तुमची अर्धी तयारी झालेलीच आहे, घर, पैसा, पोरं आणि जुनी ऐट हे सगळं आपल्याला तिथून ओळखीचं आहे. मुलांना न्यायचं तर दहावीच्या पुढची न्या, बॉस्टनच्या हॉटेलच्या खोलीतला एक सीन आहे जो लहान मुलांशेजारी बसून बघणं अवघड जातं. आणि जमलं तर वडिलांना घेऊन जा, रिटायर झालेले असोत नाहीतर व्हायच्या बेतात असलेले, फक्त नाटक संपल्या संपल्या "कसं वाटलं" विचारू नका, त्यांना वेळ द्या.

तिसरी घंटा व्हायच्या आधी मोबाईल बंद, सायलेंट नाही, पूर्ण बंद. यात शांततेचे तुकडे फार आहेत. इंटरव्हलला वडा-चहाची लाइन नेहमीप्रमाणे असणार, पण दुसरा अंक सुरू झाल्यावर वडा संपवत आत येऊ नका, तो अंक बऱ्यापैकी आनंदात सुरू होतो, सकाळची कॉफी, लिंडा सांगतेय की घराचा शेवटचा हप्ता आला, आणि हे पाच मिनिटं चुकलं तर पुढचं पडणं किती उंचावरून आहे ते समजत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. गाडी भरधाव गेल्याचा आवाज येतो आणि लोकांना वाटतं संपलं, पर्स-पिशव्या आवरायला लागतात, कोणी पार्किंगकडे निघतं. उठू नका. त्यानंतर रेक्विएम म्हणून एक छोटा भाग आहे, थडग्यापाशी, काही मिनिटांचाच, आणि लिंडाचं खरं बोलणं तिथे आहे. पडदा पूर्ण पडेपर्यंत बसा, मग टाळ्या वाजवा. नंतर आत जाऊन कलाकारांना भेटायची आपल्याकडे पद्धत आहे ती जरूर पाळा पण विली करणाऱ्या नटाला दहा मिनिटं मेकअप उतरवू द्या, सेल्फीचा आग्रह धरू नका, आणि लिंडा करणारीला आवर्जून भेटा, गर्दी सगळी त्याच्याभोवती असते.