सिम्बियनचा नोकिया कपाटात ठेवण्याआधी

बाबांचा किंवा काकांचा नोकिया ई७२, म्हणजे सिम्बियन या जुन्या सिस्टिमवर चालणारा फोन, अजून सुरू असेल, तर नव्या फोनचं खोकं फोडण्याआधी जुन्याचं मागचं झाकण काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, दुकानात बीपी-४एल बॅटरी मागा. ई६३, ई७१, एन९७ सगळ्यांना तीच बसते. बारीक पिनचा चार्जरही शोधून ठेवा, कारण फोन मध्येच मान टाकेल.

मग नंबर. सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार आहे. अँड्रॉइड किंवा आयफोन बदलला तर खात्यात साइन इन केलं की नावं आपोआप उतरतात. सिम्बियनचं तसं नाही, त्याचं मूळ सायॉन या ब्रिटिश कंपनीच्या खिशातल्या छोट्या संगणकांत. फोन केबलने घरच्या पीसीला जोडायचा, त्या काळातली ती घडण. तेव्हा कॉन्टॅक्ट्समध्ये मार्क ऑल करून सगळं मेमरी कार्डावर कॉपी करा. चारशे माणसांच्या चारशे व्हीसीएफ, म्हणजे नाव-नंबरच्या, फाइली पडतील, घाबरू नका, पीसीवर त्या जोडून एक करता येतात. मराठीत लिहिलेली नावं नव्या फोनवर कधीकधी चिन्हांची माळ होऊन येतात, म्हणून आधी दोनच नावं घालून बघा. आणि हो, त्या पिढीने एटीएमचा पिन 'शिंदे मामा' नावाने नंबर म्हणून लपवलेला असतो. असे मामा ऑनलाइन खात्यात चढण्याआधी शोधून काढा, त्यासाठी मालकालाच शेजारी बसवा.

फोन एन९७ असेल तर जादा काम आहे. आत ३२ जीबी जागा, पण सिस्टिमचा स्वतःचा कप्पा शंभर एमबीच्याही आतला, आणि बरंचसं तिथेच जाऊन साचतं. 'मेमरी फुल' आलं की आधी तो कप्पा रिकामा करा. या फोनचा पडदाही दाबून चालणारा. २००७ च्या आयफोनने बोट नुसतं टेकवायची सवय लावली, त्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या फोनवर हे शोभलं नाही. हार्डवेअरमध्ये नोकिया कमी नव्हती, २०१२ च्या ८०८ प्युअरव्ह्यू या सिम्बियन फोनला ४१ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. पण त्याआधीच, फेब्रुवारी २०११ मध्ये, कंपनीने सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनची वाट धरली होती.

फोटो कार्डावर असतील तर कार्ड काढून रीडरमध्ये घाला; कार्डाला पासवर्ड असेल तर तो आधी फोनमध्येच काढा. जपायचे एसएमएस थोडे असतील तर नव्या फोनने जुन्या पडद्याचे फोटो काढा. ओबडधोबड उपाय, पण दहा मिनिटांत होतो. जुन्या फोनच्या ब्राउझरवर वेळ घालवू नका, आजच्या बहुतेक साइट्सना हवी ती सुरक्षित जोडणी त्याला जमत नाही. एखादं ॲप टाकून काम भागेल ही आशाही सोडा: नोकिया स्टोअरने १ जानेवारी २०१४ पासून सिम्बियनची नवी ॲप्स आणि अपडेट घेणं थांबवलं, आणि सिम्बियनवरचं व्हॉट्सॲप ३० जून २०१७ ला बंद झालं.

सिम शेवटी. जुनं मोठं सिम बदलून नॅनो घ्यावं लागेल, आणि सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे ओटीपीही नाही. लाइट बिलाच्या शेवटच्या तारखेला हा उद्योग करू नका.

नंबर, फोटो, मेसेज नव्या फोनवर प्रत्यक्ष दिसले की मगच जुना पुसा: स्टार हॅश ७३७० हॅश डायल करा. लॉक कोड विचारला आणि कुणी बदललेला नसला तर तो १२३४५.

पहाटेची गाडी असेल तर पहिले काही दिवस नव्या फोनचा अलार्म तपासून झोपा. जुना बंद करून उशीखाली ठेवला तरी ठरल्या वेळी वाजायचा. नवा बंद असेल तर बहुधा गप्प राहील.