५/१६ इंचाच्या स्टडचे आटे आणि योग्य डाय-नट

माझ्या बीएसए एम २० मोटारसायकलच्या एका स्टडवर (आटे पाडलेला, डोकं नसलेला बोल्ट) कुणीतरी ८ मिमीचा नट जबरदस्तीने चढवला होता. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे जाडीवरून फसायला होतंच. पण ८ मिमीच्या नेहमीच्या आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी, आणि पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पाती) लावल्यावर स्टडच्या चांगल्या भागात इंचाला २६ आटे निघाले, म्हणजे जेमतेम ०.९८ मिमी. बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे) असते तर २२ आणि यूएनएफ (अमेरिकी बारीक आटे) असते तर २४ मिळाले असते. म्हणजे हे सायकल थ्रेड (ब्रिटिश सायकल-मोटारसायकलींचे आटे), आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंश.

१/४ इंचात मात्र खरी गोम आहे. तिथे बीएसएफ आणि सायकल थ्रेड, दोन्ही २६चेच. फरक फक्त कोनाचा, ५५ आणि ६०. आटे नुसते मोजून तिथे टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) घेऊ नका, गेजची पाती उजेडासमोर धरून बसते का बघा.

मी फटीचा गोल डाय (बाहेरून आटे कापायचं हत्यार) न घेता षट्कोनी डाय-नट, म्हणजे नटाच्या आकाराचा डाय, घेतला. जुने आटे साफ करायला तोच बरा, नवा धातू फारसा खात नाही. तेल सोडून हातानेच सरळ बसवला, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. स्टड वाचला.