यादी लागायच्या आधी उरकायची कामं

इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडची, म्हणजे राज्याच्या एकत्रित ऑनलाइन प्रवेशफेरीची, यादी लागली की हातात उरतात दोन-तीन दिवस. तेवढ्यात लॉगिन करून जागा स्वीकारायची, पैसे भरायचे, मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचं, आणि हे सगळं भर पावसात, लोकल रखडत असताना. मी एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसते. बाहेर जे पालक रडकुंडीला आलेले दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मुलांचे पर्सेंटाइल चांगले असतात. घोळ असतो एखाद्या दाखल्याचा, नाहीतर बँकेच्या लिमिटचा. यादी काय लागायची ती लागेल, पण हे घोळ आत्ताच निस्तरता येतात.

सुरुवात मोबाईलपासून करा. सीईटी सेलचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश यंत्रणेचा, अर्ज गल्लीतल्या सायबर कॅफेत भरला असेल तर त्यात नंबर कुणाचा टाकलाय ते आज बघून घ्या. कॅफेवाल्याचाच नंबर पडला असेल तर ओटीपी त्याच्याकडे जाणार, आणि नेमका त्या दिवशी तो गावाला गेलेला असणार. वडिलांचा नंबर असेल आणि ते ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवत असतील, तरी तीच गत. लॉगिन आयडी आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलाय यावर विसंबू नका. एकदा लॉगिन करून अर्जाची आणि अंतिम गुणवत्ता क्रमांकाची प्रिंट काढा. प्रवर्गाच्या रकान्यात काय छापलंय ते मोठ्याने वाचा. डोळ्यांखालून घालताना चुका सुटतात.

आता कागद. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. नॉन क्रीमी लेयरचा दाखला असेल तर त्यावरची 'वैध' तारीख बघा. प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष ज्या मार्चला संपतं, त्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असावा लागतो. दोन वर्षांपूर्वी काढलेला दाखला लोक आत्मविश्वासाने पुढे करतात, आणि मग मुलाची जागा खुल्या प्रवर्गातून धरली जायची वेळ येते. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या आर्थिक वर्षाचा हवा. जात वैधता प्रमाणपत्र हाती आलं नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती फाईलमध्ये हवीच, आणि वैधता किती तारखेपर्यंत आणून द्यायची ते माहितीपुस्तिकेत वाचून कॅलेंडरवर गोल करून ठेवा. दाखले मुंबईत कुठे निघतात याचाही गोंधळ असतो. उपनगरवाल्यांचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आणि तालुके तीन: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. भांडुप-मुलुंड कुर्ला तालुक्यात येतं. शहरातल्या लोकांचं काम फोर्टला, ओल्ड कस्टम हाऊसमध्ये. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज टाकला म्हणजे दाखला आला असं होत नाही. जून-जुलैत सगळी मुंबई तोच अर्ज टाकत असते. म्हणून टोकन नंबर घेऊन दर दोन दिवसांनी स्टेटस बघत राहा.

नावाचं स्पेलिंग हे दुसरं दुखणं. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, हे चालतं. पण एका कागदावर वडिलांचं नाव 'दत्तात्रय' आणि दुसऱ्यावर 'दत्ताराम' असेल तर चालत नाही. असे कागद शेजारी शेजारी मांडून ताडून बघा, आणि फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या. बारावीनंतर एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, तेही याच खेपेत होऊन जाईल. शाळा सोडल्याचा दाखला ज्युनिअर कॉलेजातून आणला नसेल तर आणा आणि कॉलेजात जमा करण्याआधी त्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढून ठेवा. तो एकदा जमा झाला की पासपोर्टपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळीकडे झेरॉक्सच चालवायची असते. कृपा करून कुठलाही कागद लॅमिनेट करू नका. केलेला असेल तर सोलायला जाऊ नका, अक्षरं प्लॅस्टिकबरोबर निघून येतात. आहे तसा आणा.

फाईलसुद्धा बघून घ्या. पुठ्ठ्याची, नाडीवाली नको. गेल्या पावसाळ्यात एक आजोबा नातवाची तशी फाईल पोटाशी धरून स्टेशनपासून चालत आले होते. वरचे दोन कागद एकमेकांना चिकटले होते आणि तहसीलदारांचा निळा शिक्का अर्धा दहावीच्या गुणपत्रिकेवर उमटला होता. चेनवाली प्लॅस्टिकची फाईल स्टेशनबाहेर फुटपाथवर मिळते. मूळ कागद एकीत आणि झेरॉक्सचे दोन संच वेगळीत ठेवा.

पसंतीक्रमाची चर्चा यादी लागल्यावर करायची नसते, ती आत्ता करायची. यंत्रणा काय करते ते आधी समजून घ्या. तुमचा गुणवत्ता क्रमांक आला की ती तुमची यादी वरून खाली वाचत जाते आणि जिथे जागा शिल्लक सापडेल तिथे थांबते. म्हणून माटुंग्याचं व्हीजेटीआय पहिल्या नंबरावर टाकलं आणि ते मिळालं नाही, तर त्यामुळे पाचव्या नंबरावरच्या कॉलेजची संधी कमी होत नाही. 'उगाच वरचं टाकून पसंती वाया गेली' हे पालक दरवर्षी म्हणतात, त्यात तथ्य नाही. पण उलट बाजूने सावध राहा. २०२५-२६ च्या प्रवेशांत फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि आपोआप गोठण्याचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्यात पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, तर ती जागा पक्की. मग बेटरमेंट, म्हणजे ही जागा धरून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट बघणं, नाही, आणि ती नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्या बंद. नियम वर्षागणिक बदलतात, तुमच्या वर्षाची पुस्तिका वाचा. सांगायचा मुद्दा एवढाच की नुसतं बघू म्हणून वर ठेवलेलं कॉलेज खरंच गळ्यात पडू शकतं. वरचे सहा पर्याय असे हवेत की त्यांतलं कुठलंही मिळालं तर घरात कुणी तोंड पाडणार नाही.

खालचे पर्याय मिळाले आणि बेटरमेंट मागितली, तर पुढच्या फेरीत वरचं मिळताक्षणी आधीची जागा जाते. दोन्ही हातात ठेवता येत नाहीत. हे मुलाला आणि आईवडिलांना एकाच वेळी, एकत्र बसवून समजावा, नाहीतर नंतर 'मला कुणी सांगितलंच नाही' सुरू होतं. आणि पसंतीअर्ज भरून नुसता सेव्ह करू नका, कन्फर्म करा. न केलेला अर्ज धरलाच जात नाही.

कॉलेज की शाखा, हा वाद प्रत्येक घरात होतो. माझं मत विचाराल तर चार वर्षं ज्याला बसायचंय त्याचं मत शेवटचं. 'आधी कॉलेजात शीर तर, दुसऱ्या वर्षी शाखा बदलून घेऊ' या भरवशावर मात्र काही ठरवू नका. शाखाबदल रिकाम्या जागांवर आणि गुणांवर होतो, कॉम्प्युटरच्या जागा रिकाम्या राहतात कुठे?

पैशांचं. जागा स्वीकारताना १,००० रुपये ऑनलाइन जातात आणि ते परत मिळत नाहीत. त्यानंतर कॉलेजची फी. ती किती मंजूर आहे हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावासमोर दिसतं, शेजारच्या काकांना विचारायची गरज नाही. रक्कम लाखाच्या वर असेल तर यूपीआयच्या नेहमीच्या मर्यादेत बसणार नाही. नेटबँकिंगने नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका पहिला दिवस मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. डीडी लागत असेल तर बँकेला सुट्टी कधी आहे ते बघा. एफडी मोडायची असेल तर ती कुणाच्या सहीवर मोडते? मामा देणार असतील तर मामांना तारीख सांगा. शैक्षणिक कर्ज घ्यायचं ठरलं असेल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवर खातं उघडून कागद चढवून ठेवा. साडेसात लाखांपर्यंत तारण मागितलं जात नाही, पण मंजुरीला वेळ लागतो. प्रवेश घेऊन तो मुदतीत, वर्ग सुरू व्हायच्या आधी रद्द केला, तर एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, नियमाप्रमाणे कॉलेजने १,००० रुपयांहून जास्त कापता कामा नये आणि मूळ कागद अडकवून ठेवता कामा नयेत. हे माहीत असलं की खिडकीवर आवाज चढवावा लागत नाही.

महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी मुलाचं स्वतःचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. केवायसीला आधार दिलं म्हणजे जोडलं गेलं असं नाही. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का' असंच विचारा. मुलींच्या पालकांनी हे नक्की वाचा: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली की ही सवलत गेली, खासगी आणि अभिमत विद्यापीठंही यात येत नाहीत. त्यामुळे 'माझी ओळख आहे, सीट करून देतो' म्हणणारा भेटला तर आधी हा हिशेब मांडा. शिवाय कॅपिटेशन फी घ्यायला १९८७ पासून राज्यात कायद्याने बंदी आहे. रोख रक्कम मागणारा पावती देत नाही ती याचमुळे.

वरच्या सहा कॉलेजांना एकदा जाऊन या, आणि तेही सकाळच्या गर्दीत. नकाशावर मुलुंड ते अंधेरीचं भवन्स कॅम्पस सोपं दिसतं. प्रत्यक्षात स्लो लोकलने घाटकोपर, तिथून तो पूल, मेट्रोची रांग, मग आझाद नगर. जमतं, पण रोज जमेल का ते मुलाला एकदा करून बघू दे. दुपारी गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीजवळ दुसऱ्या वर्षाची पोरं उभी असतात. लॅब चालू असतात का, प्लेसमेंटला खरोखर कोणत्या कंपन्या येतात, ते ती माहितीपत्रकापेक्षा मोकळेपणाने सांगतात.

नातेवाईकांना काय सांगायचं ते घरात एकाच तोंडाने ठरवा. 'यादी लागली की आम्हीच कळवू' एवढं पुरे. फॅमिली ग्रुपवर कुणाच्या मुलाला किती पर्सेंटाइल ते येणारच. मुलाला त्या ग्रुपमधून तात्पुरतं काढलंत तरी आकाश कोसळत नाही.

राहता राहिला गणपती. फेऱ्या लांबल्या की शेवटची फेरी सणाच्या आसपास येते आणि कोकणातली घरं तेव्हा गावी निघालेली असतात. तिकिटं ६० दिवस आधी काढलेली असतात, ती सोडवत नाहीत, हे मला कळतं. पण कॉलेजात मूळ कागद घेऊन मुलाला स्वतः उभं राहायला लागतं. तेव्हा वेळापत्रक आणि पंचांग शेजारी ठेवून बघा. तारखा एकमेकांवर आल्या तर मुलगा आणि फाईल मुंबईतच राहू द्या, सोबत घरातलं एक मोठं माणूस. बाकीचे पुढे जातील. प्रवेशाची पावती हातात आली की रात्रीची एसटी असतेच, गौरी जेवायच्या दिवशी पोचता येतं. आणि निघताना वहीच्या मागच्या पानावरचा पासवर्ड चुकून गावच्या पिशवीत जात नाहीये ना, तेवढं बघा.