चंद्राला खळं पडलं की आपलं खळं झाका : ठाणे जिल्ह्यातल्या भात उत्पादकांसाठी कापणीचा सल्ला

मुरबाड, शहापूर, अंबरनाथ पट्ट्यात हळवं, म्हणजे लवकर येणारं भात बहुतेकांचं कापून झालं. मधल्या मुदतीचं निमगरवं आता विळ्याखाली येतंय आणि उशिरा पिकणारं गरवं दिवाळीनंतर येईल. ऑक्टोबरचा उत्तरार्ध म्हणजे पंचांगात चित्रा संपून स्वाती लागण्याचे दिवस. पाऊस पूर्ण गेलेला नसतो आणि पीक घरात आलेलं नसतं, त्यामुळे नुकसान नेमकं याच पंधरवड्यात होतं.

आधी एका म्हणीचं बघू. ‘पडल्या स्वाती तर पिकतील मोती’ हे आपणही हौसेने म्हणतो. पण ही म्हण घाटावरच्या रब्बी ज्वारीची. तिथे स्वातीचा पाऊस सोन्यासारखा, आपल्याकडे तोच कापलेल्या भाताला कोंब आणतो. 2019 साली ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ आणि त्यापाठोपाठ ‘महा’ ही वादळं अरबी समुद्रात घोंगावत होती, तेव्हा आडवं पडलेलं भात चिखलातून वेचण्याची पाळी कोकणात किती जणांवर आली ते आठवा.

दुसरा घोळ नक्षत्राच्या नावाचा. ‘चित्रा लागल्या’ म्हणजे सूर्य चित्रा नक्षत्रात गेला. त्यामुळे त्या दिवसांत चित्रेचा तारा सूर्याच्या झगझगाटात हरवतो आणि शोधूनही सापडत नाही. मृगाचंही तसंच आहे : जूनमध्ये मृग लागतो तेव्हा आकाशातलं हरिण दिसत नाही, ते हिवाळ्यात डोक्यावर येतं. म्हणजे पंचांगातलं नक्षत्र हे कामांचं वेळापत्रक आहे. उद्या पाऊस पडणार की नाही, हे ते सांगत नाही. त्यासाठी रात्री अंगणात येऊन खरं आकाश बघावं लागतं.

चंद्राभोवती मोठं फिकट कडं दिसलं की आमच्याकडे ‘खळं पडलं’ म्हणतात. हात पुरता लांब करा, अंगठा चंद्रावर ठेवा आणि वीत ताणा. करंगळीच्या आसपास कडं लागलं तर ते खरं खळं. खूप उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे कण असतात, त्यांतून चांदणं वाकून हे कडं होतं. असे ढग पुष्कळदा बिघडत्या हवेच्या पुढे धावतात. चंद्राला अगदी चिकटून रंगीत तबकडी दिसते ती वेगळी, ती खालच्या ढगातल्या पाण्याच्या थेंबांची असते. खळं मोठं म्हणजे पाऊस लांब आणि लहान म्हणजे जवळ, असं म्हातारी माणसं सांगतात. मला ते पटत नाही, कारण खऱ्या खळ्याचा आकार नेहमी तेवढाच असतो. खळं दिसलं म्हणजे पाऊस येणारच असंही नाही. पण त्या रात्री मी उद्याची कापणी थांबवतो आणि कापलेलं असेल ते बांधून घेतो. एका वर्षी मजूर सांगितलेत, परत कोण येणार, म्हणून खळं दिसत असताना कापणी रेटली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गडगडाट झाला आणि अर्ध्या एकराच्या लोंब्यांना चार दिवसांत हिरवे कोंब फुटले.

दिवाळीच्या अंधाऱ्या रात्री चंद्रच नसतो. तेव्हा कृत्तिका, म्हणजे ताऱ्यांचा तो लहानसा पुंजका बघा. सध्या साडेसात-पावणेआठला ती पूर्वेला उगवते, मध्ये डोंगर असेल तर थोडी उशिरा. साध्या डोळ्यांना सहा तारे मोजता आले तर वर आकाश स्वच्छ आहे. पुसट चिकट ठिपका दिसला तर वर काहीतरी जमतंय. ठाणे-नवी मुंबईच्या उजेडात हा हिशेब चालत नाही. वांगणीच्या माळावर खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेची माणसं आकाश बघायला जातात ती उगाच नाही.

स्वच्छ आणि वारा पडलेल्या रात्रीची दुसरी बाजू म्हणजे दव. अशा रात्री जमीन चटकन थंड होते आणि सकाळी लोंब्या ओल्याचिंब असतात. दव सुकल्याशिवाय विळा लावू नका आणि भारे तर मुळीच बांधू नका. साठवायच्या दाण्यात ओल 14 टक्क्यांच्या खाली हवी. ओलं भात उडवीत, म्हणजे भाऱ्यांच्या ढिगात घातलं तर आतून तापतं आणि दाणा काळवंडतो.

लष्करी अळीचं कामही रात्रीचंच. दिवसा ती चुडाच्या, म्हणजे भाताच्या ठोंबाच्या बुंध्याशी, भेगांत लपते आणि अंधारात वर चढून लोंब्या कुरतडते. म्हणून रात्री दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन बांधावर एक फेरी मारा. त्याच वेळी पूर्वेला तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, वर येत असतं. साडेअकराला व्याधाचा ठळक तारा येतो. रोज हे सगळं चार मिनिटं लवकर होतं, म्हणजे पंधरवड्यात तासाचा फरक. अळ्या दिसल्या आणि लोंबीतले 80 ते 90 टक्के दाणे पिवळे झाले असतील, तर दुसऱ्याच दिवशी दव सुकल्यावर कापायला घ्या. आभाळ चार दिवस स्वच्छ राहण्याची वाट बघू नका, फक्त कापलेलं रात्री शेतात ठेवू नका.

राखणीला मचाणावर बसणाऱ्यांसाठी पहाटेचं घड्याळ ईशान्येला आहे. तीनच्या आत सप्तर्षींची चार ताऱ्यांची खाट पूर्ण वर येते आणि साडेचारपर्यंत तिच्यामागून तीन तारे. विदर्भातले गोंड याला म्हातारीची खाट आणि तिच्यावर टपलेले तीन चोर म्हणतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मयंक वाहियांनी त्यांची ही आकाशकथा नोंदवली आहे. मृगात तर त्यांना नांगर दिसतो.

आकाश वाचून झालं तरी मोबाईलवर ‘मेघदूत’ हे हवामान आणि शेतीसल्ल्याचं अ‍ॅप उघडाच. मंगळवारी आणि शुक्रवारी नवा सल्ला येतो. दुपारनंतर ढग उभे राहिले तर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप बघून शेतातून बाहेर पडा, झाडाखाली थांबू नका. आणि भात उचललं की त्याच आठवड्यात, जमिनीत ओल असताना, कडवे वाल पेरून घ्या. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत चोळा आणि सावलीत वाळवूनच पेरा.