झिप, रार की सेव्हन-झेड? गाठोडं सोडणार कोण, ते आधी बघा

मी पुस्तकांची मांडणी करते. लेखकाकडून मजकूर, फोटो, स्कॅन, फॉन्ट, मुखपृष्ठ असं सगळं माझ्याकडे येतं ते एका गाठोड्यात, म्हणजे अनेक फाइल एकत्र दाबून बांधलेल्या एकाच फाइलमध्ये, आणि छपाईला जातं तेही गाठोड्यातच. झिप, रार, सेव्हन-झेड हे या गाठोड्यांचेच प्रकार. दिवसातून चार-पाच वेळा मी ही गाठोडी बांधते आणि सोडते. त्यामुळे 'झिप करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?' असं मला नेहमी विचारलं जातं. मी आधी उलट विचारते, ते सोडणार कोण?

दुसऱ्याला पाठवायचं असेल तर झिप. यात मी कधी तडजोड करत नाही. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणलेला हा प्रकार आज विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे काहीही न बसवता उघडतो. समोरचा माणूस फोनवरून बघणार असेल, घाईत असेल, त्याला संगणकाची फारशी सवय नसेल, तर त्याला 'आधी अमुक डाउनलोड करा' म्हणणं मला पटत नाही. आणि झिप बनवायला तुम्हालाही काही लागत नाही. विंडोजवर किंवा मॅकवर फोल्डरवर राइट क्लिक केलं की कॉम्प्रेसचा पर्याय असतो. तुमचं काम एवढंच असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

वेगळं सॉफ्टवेअर लागतं ते चार कारणांनी: कुणीतरी रार किंवा सेव्हन-झेड फाइल पाठवते, पासवर्ड घालायचा असतो, मोठ्या फाइलचे तुकडे करायचे असतात किंवा स्वतःच्या साठवणीसाठी जागा वाचवायची असते. विंडोजवर या चारही कामांना मी सेव्हन-झिप वापरते (सेव्हन-झेड हा याच सॉफ्टवेअरचा फाइल-प्रकार). इगोर पावलोव यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि ऑफिसच्या कामालाही पैसे मागत नाही. दिसायला जुनाट आहे, पण जाहिरात नाही आणि मधे मधे काही विचारत नाही. मॅकवर केका घ्या. फक्त उघडायचंच असेल तर द अनआर्कायव्हर पुरतं. लिनक्सवर टार आणि त्याच्या जोडीची साधनं असतातच. तिन्ही ठिकाणी सारखंच तोंड दिसावं असं वाटत असेल तर पीझिप बघा.

विनरारबद्दल एक गैरसमज आहे, की रार फाइल उघडायला तेच हवं. नाही. सेव्हन-झिप रार उघडतं, विंडोज ११ देखील २०२३ च्या एका अपडेटपासून रार आणि सेव्हन-झेड उघडतं. रार बनवायला मात्र विनरार लागतं, कारण रार बनवण्याचे हक्क राखीव आहेत, आणि चाळीस दिवसांच्या चाचणीनंतर त्याचा परवाना विकत घ्यायचा असतो. तो घ्यावा असं एकच ठोस कारण मला दिसतं: 'रिकव्हरी रेकॉर्ड'. गाठोड्यात थोडी जास्तीची माहिती भरून ठेवायची, म्हणजे पुढे थोडा भाग बिघडला तर त्यावरून दुरुस्ती होऊ शकते. वर्षानुवर्षांची साठवण असणाऱ्यांना याचं मोल आहे.

आता आकाराबद्दल, कारण सगळ्यात जास्त निराशा इथे होते. कॉम्प्रेशन म्हणजे पुनरावृत्ती शोधणं. एखादा शब्द किंवा तुकडा मागे येऊन गेला असेल तर तो पुन्हा न लिहिता 'इतकं मागे जा, तिथून इतकं उचल' एवढीच खूण ठेवायची. नेहमीचं झिप मागे बघतं ते फक्त ३२ किलोबाइटपर्यंत. सेव्हन-झेडमधली एलझेडएमए पद्धत कित्येक मेगाबाइट मागे बघू शकते, म्हणून एकसारखा मजकूर भरपूर असेल तर ती बरीच पुढे जाते. वेळ आणि मेमरीही जास्त खाते. पण जेपेग फोटो, एमपीथ्री, व्हिडिओ यांच्यातली पुनरावृत्ती आधीच काढून टाकलेली असते. त्यांचं झिप केलं तर आकार जवळजवळ तेवढाच राहतो. वर्डची डॉकएक्स फाइल तर स्वतःच एक झिप असते. तिची प्रत काढून नावाच्या शेवटी झिप लिहा, आतली फोल्डरं दिसतील. तेव्हा फोटोंच्या फोल्डरवर 'अल्ट्रा', म्हणजे सेव्हन-झिपमधली सगळ्यात जास्त दाबणारी पातळी, लावून बसू नका. कॉम्प्रेस न केलेले टिफ स्कॅन, साधा मजकूर, डेटाबेस, इथे ते लावा.

अल्ट्राचा मोह मला एकदा फार महाग पडला. एका पुस्तकासाठी जुन्या पत्रांचे स्कॅन महिनाभर बसून केले होते. काम संपल्यावर सगळं एकाच सेव्हन-झेडमध्ये बांधलं, पेन ड्राइव्हवर टाकलं आणि मूळ फोल्डर पुसलं. वर्षाने उघडलं तर पेन ड्राइव्हचा थोडासा भाग वाचता येईना. मी समजत होते की दोन-चार पत्रं जातील. गेली निम्म्याहून जास्त, आणि मूळ पत्रं तोवर घरच्यांकडेही राहिली नव्हती. कारण मला नंतर कळलं. सेव्हन-झेड जागा वाचवण्यासाठी अनेक फाइल सलग एकात एक विणतं, त्याला 'सॉलिड' म्हणतात, आणि धागा मधे तुटला की त्या विणीतलं पुढचं उलगडत नाही. झिपमध्ये प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते, म्हणून एक बिघडली तरी शेजारची सहसा वाचते.

तेव्हापासून साठवणीचा माझा क्रम ठरलेला आहे. सेव्हन-झिपमध्ये 'अ‍ॅड टू आर्काइव्ह' उघडते, 'सॉलिड ब्लॉक साइझ'मध्ये 'नॉन-सॉलिड' निवडते, आकार थोडा वाढला तर वाढू देते. फाइल पेन ड्राइव्हवर नेल्यावर तिथल्या प्रतीवर राइट क्लिक करून 'टेस्ट आर्काइव्ह' चालवते. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवते, तिचीही टेस्ट करते. मूळ फोल्डर पुसायचा विचार त्यानंतर. विंडोज ११ वर सेव्हन-झिपचा मेनू दिसला नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये बघा.

सोडताना 'एक्स्ट्रॅक्ट हिअर' दाबू नका, गाठोड्याच्या नावाचं फोल्डर करणारा 'एक्स्ट्रॅक्ट टू' दाबा. नाहीतर दोनशे फाइल डेस्कटॉपवर सांडतात. मॅकवरून आलेल्या झिपमध्ये मॅकओएसएक्स नावाचं जास्तीचं फोल्डर दिसलं तर घाबरू नका, विंडोजवर त्याचा उपयोग नसतो. झिप उघडतच नसेल तर आधी पाठवणाऱ्याला आकार विचारा. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे डाउनलोड अर्धवट राहिलं की सगळीच फाइल खराब असल्यासारखी वाटते.

देवनागरी नावांचा त्रास आपल्याला विशेष. झिपच्या नियमांत युनिकोड नावांची (कोणत्याही लिपीतल्या नावांची) सोय २००६ मध्ये आली. त्याआधीच्या वळणाची साधनं 'प्रकरण ३'चं कडबोळं करतात. सेव्हन-झिप देवनागरी नावं नीट ठेवतं. तरी समोर जुना संगणक असेल तर मी फाइलची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांतच देते.

पासवर्डचं मात्र नीट समजून घ्या. झिपचं जुनं कूटलेखन, झिपक्रिप्टो, किती कच्चं आहे हे १९९४ मध्येच बिहाम आणि कोचर यांनी दाखवून दिलं होतं. सेव्हन-झिपमध्ये झिप बनवताना 'एन्क्रिप्शन मेथड'मध्ये एईएस-२५६ ही पक्की पद्धत स्वतः निवडा. विंडोज १० ला अशी झिप आपली आपण उघडता येत नाही, म्हणून पाठवताना 'सेव्हन-झिपने उघडा' असं कळवा. शिवाय झिपमध्ये पासवर्ड घातला तरी आतल्या फाइलची नावं कुणालाही दिसतात. नावंच गुपित असतील तर सेव्हन-झेड निवडून 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर खूण करा. आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नका, फोन करून सांगा.

शेवटचं, सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं ते. मिळत्याजुळत्या नावाच्या साइट असतात. सेव्हन-झिपची खरी साइट हायफन असलेली, शेवटी डॉट ओआरजी लावलेली. सेव्हन-झिप आणि विनरार दोन्ही आपणहून अपडेट होत नाहीत, आणि अनोळखी फाइल उघडणारं साधन जुनं राहणं धोक्याचं आहे. विनरारमधली एक चूक एकोणीस वर्षं तशीच होती, ती २०१९ मध्ये उघड झाली. दुसरी गंभीर चूक २०२५ मध्ये ७.१३ आवृत्तीत दुरुस्त झाली. सेव्हन-झिप उघडा, हेल्पमध्ये 'अबाउट' बघा. २५.०१ च्या खालचा आकडा दिसला तर आजच नवी आवृत्ती बसवा. जुनी काढावी लागत नाही, वरूनच बसते.